चाळिसातली एक

जकातीचा सबक तीन दिवस डोक्यात शिरत नव्हता.
"अडीच टक्के" म्हटलं की मागची रांग
खिडकीतून होड्या मोजायची.
चौथ्या दिवशी असरनंतर किताबं मिटवली
आणि अख्खा मकतब नेला
बाणकोटच्या खाडीवर, ओहोटीत.

चाळीस शिंपल्या वेचा, म्हटलं. ज्याच्या त्यानं.
इतकी शांतता छडीनंही मिळाली नव्हती मला.

"आता यातली एक तुमची नाही."

गलका झाला. सादियानं फुटकी काढून दिली.
मुजम्मिल म्हणाला, फुटकी पन एकच ना, उस्तानी?
मी गप्प.
जीभ दाताखाली धरून गप्प.
हुमैरानं तिची जांभळ्या काठाची
उचलली, ठेवली, परत उचलली,
आणि वाळूवर सगळ्यांमधे मांडली.
सादिया आपली फुटकी हळूच मागे घेऊन
ढिगात दुसरी शोधू लागली.

मुकीत सारंग वर्षभर वर्गात बोलला नव्हता.
बापाची होडी धक्क्याला उलटी पडलीय, शिमग्यापासून.
ओंजळ पुढे करून म्हणाला,
"माझ्या एकोणचाळीसच भरल्या.
मग मी देणारा, का घेणारा?"

याला किताबात शब्द आहे. निसाब.
मला तोंडपाठ आहे, पानासकट.
ओठांवर आलेला तो गिळला
आणि पोरांकडे पाहिलं.
पोरं आपापल्या चाळिसाव्या शिंपलीकडे पाहत होती.

भरतीचं पाणी चपलांना लागलं तेव्हा उठलो.
चढणीवर मुकीतचा खिसा खुळखुळत होता,
एकोणचाळिसांपेक्षा जास्त.
मी मोजलं नाही.