साहित्य : एक वाणी

पर्वतीच्या मागच्या अंगाला, कालव्याच्या वरच्या वस्तीत
माझी बालवाडी. खोली दहा बाय बारा,
पट सव्वीस, खिडकी एक,
तीही सार्वजनिक नळाकडे.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, वर्गात निसर्गकोपरा हवा.
मी तुळशीबागेतून प्लॅस्टिकचा पोपट आणला,
थर्माकोलचं झाड, कापसाचा ढग,
आणि वर सुबक अक्षरात पाटी :
निसर्ग. हात लावू नये.

जून गेला, जुलै गेला.
पोपटावर धूळ बसली, मुलांचं लक्ष काही बसलं नाही.
अ अननसाचा म्हणताना फैजान मध्येच म्हणाला,
"टीचर, तुम्ही खाल्लाय?"
खाल्लाय. डब्यातला, पाकातला.
एकदा, कुणाच्या तरी लग्नात.

श्रावण अर्धा सरला होता.
प्रज्वल उशिरा आला, चड्डीचा खिसा मुठीनं दाबून.
"काय आहे?"
"काही नाही."
ते काही नाही हळूहळू बाहेर आलं,
लालसर, चकचकीत, करंगळीएवढं,
आणि सतरंजीवर चालू लागलं.

मी खुर्चीवर. खरं सांगते, पाय वर घेऊन.
टीचरनं घाबरायचं नसतं
हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखवा.

"वाणी आहे तो," सिद्धी म्हणाली, "चावत नाही."
आमच्या गावी याला पैसा म्हणायचे.
तिथे पैसा, इथे वाणी;
मधली उधारी मी मनातच ठेवली.

कुणीतरी बोट लावलं.
झाली त्याची चकली.
सव्वीस डोकी एका चकलीवर वाकलेली
आणि खोली इतकी गप्प, की नळावरचं भांडण
शब्दन् शब्द आत आलं.
थांबलो आम्ही.
थांबणं मी कधी शिकवलं नव्हतं,
वेळापत्रकात त्याला तास नाही.

मग तो उलगडला, आणि पाय मोजायचे ठरले.
दहापर्यंत सगळ्यांना येतं.
हर्षलला तीसपर्यंत,
त्याच्या वडिलांची अंड्यांची गाडी आहे, ट्रे तीसचा.
तिसाच्या पुढे वाणी निघाला निळ्या पट्ट्यावरून,
भातखाचरात वारा शिरावा तसे त्याचे पाय,
आणि आमचे आकडे संपले.
मुलं माझ्याकडे बघू लागली.
माझ्याकडे होते की खूप आकडे,
पण तो थांबेना.

भाविका, जिच्या नावापुढे दोन महिने
मी लिहितेय 'बोलत नाही',
ती पालथी झाली, गाल सतरंजीला टेकवून
त्याच्या उंचीला गेली.
"तुला चपला किती लागतील रे,"
ती म्हणाली.
आम्हाला नाही. त्याला.

मी काही केलं नाही.
टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत,
प्रशिक्षणात सांगितल्या होत्या तरी.

पर्यवेक्षिका नेमक्या त्याच दिवशी.
रेनकोट निथळतोय, हातात तक्ता.
"आज घटक कुठला?"
"अंकओळख."
"साहित्य?"
साहित्य तोवर त्यांच्या ओल्या चपलेपाशी पोचलं होतं.
बाईंनी पाय उचलला
आणि ते पलीकडे जाईपर्यंत
एका पायावर उभ्या राहिल्या, भिंतीला हात लावून.
"रोज आणता?"
"नाही, बाई. येतं."
त्यांनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. काय, ते कळलं नाही.

दुपारी रांगेनं निघालो. रांग कसली, घोळका.
कालव्याकाठच्या गिरिपुष्पाखाली, कुजक्या पानांत सोडला.
प्रज्वल रडला. खिसा उलटा करून दाखवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी भाविका बोलली नाही. तिसऱ्याही.
पटातला शेरा मी खोडला,
त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

पोपट अजून आहे. ढगाचा कापूस
कुणाच्या तरी गुडघ्याला लागला.
पाटीवरचा शेवटचा शब्द तेवढा मी पुसला.
आता ती म्हणते :
निसर्ग. हात लावू.

दैनंदिनीत त्या तारखेला एवढीच नोंद :
घटक, अंकओळख. साहित्य, एक वाणी.
एकूण पाय :
मोजणी चालू.