भांगाचं पाणी

बेशो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ओहोटीला
नेई तेबोरा शिंपल्या वेचते
वाकून, एक हात कमरेवर,
निळी बादली पायानं पुढे ढकलत.
टायर कापून केलेल्या सपाता घालते,
कारण प्रवाळ धारदार
आणि प्रवाळाहून धारदार ते लोखंड.

ते अजून तिथेच आहे. रणगाड्याचा सांगाडा
भरतीत बुडतो, ओहोटीत उघडा पडतो.
त्याच्या पोटात बारके मासे
शाळेत गेल्यासारखे वेळेवर जातात,
वेळेवर सुटतात.

त्या सकाळी, तिचे वडील इओतेबा सांगायचे,
चंद्र अर्धा झिजलेला होता.
अर्ध्या चंद्राला पाणी पुरतं चढत नाही
हे इथलं नागडं पोरही जाणतं.
आमच्याकडे याला भांग म्हणतात, मी म्हणालो.
तिनं तो शब्द तोंडात घोळवला,
काटा लागतोय का पाहावं तसा,
आणि मान हलवली. चालेल.

बोटी आल्या भरल्या पाण्याच्या हिशेबानं.
पाणी कमी पडलं.
किती?
इओतेबा गुडघ्यापासून वर मांडीपर्यंत
पंजा उभा धरून दाखवायचे:
इतकं.
तेवढ्यासाठी बोटी खडकाच्या कडेवर बसल्या
आणि पोरं उतरली, छातीभर पाण्यात,
बंदुका डोक्यावर धरून,
किनारा अजून अर्धा मैल.
समोरून गोळ्या येत असताना
पाण्यातून सावकाशच चालता येतं.
याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

इओतेबा तेव्हा पलीकडच्या बेटावर
माडाच्या शेंड्यात होते, माडी उतरवायला चढलेले.
माडी काढणाऱ्यानं वर गायचं असतं, इथली रीत,
खालच्यांना कळावं वर माणूस आहे.
ते मध्येच थांबले.
ते गाणं त्यांनी पुढे कधी
पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं नाही.
तीन दिवस धूर. मग वास.
वास किती दिवस, ते विचारलं की
उठून जाळं विणायला बसायचे.

मी इथे टाक्या बसवायला आलो, पावसाच्या पाण्याच्या.
चौथऱ्यासाठी खणलं तर गुडघाभर खाली
बुटाचा तळवा, मग जबडा.
तेबोराचा नातू तेकाबू, अकरा वर्षांचा,
म्हणाला, काका, थांबा, हे नेहमीचं आहे,
सोन्याचा दात असला तर विमानानं माणसं येतात.
आली. दोऱ्या बांधल्या, ब्रशनं माती झाडली.
एकाला नाव मिळालं, तो घरी गेला.
दुसऱ्याचं ठरेना.
खड्डे खणायला कोरियातून आणलेला मजूर असावा,
असं कुणीतरी म्हणालं, आणि खोक्यावर
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.
खोकं अजून फळीवर आहे, रंगाच्या डब्यांशेजारी.
चौथरा आम्ही दोन हात सरकवून बांधला.

बंकरमध्ये तेकाबूची डुकरीण व्याली आहे.
सात पिलं. भिंत हातभर जाड,
आत दुपारीही गार.
ज्या फटीतून बंदूक बाहेर पाहायची
तिथून तो नारळाचा चोथा आत टाकतो.

हल्ली उधाणाला पाणी
बांध ओलांडून येतं. पुनवेला येतं,
अवसेला येतं, वारा असला तर मधेही.
स्वयंपाकघरात येतं, विहिरीत येतं,
घरालगतच्या इओतेबांच्या थडग्यापाशी येऊन
भोवतीचे पांढरे दगड एकेक करून हलवतं.
तेबोरा दगड परत लावते. रागावत नाही.
उशिरा आलेल्या पाहुण्याला
कुणी बोलतं का, म्हणते.

गेल्या पुनवेला किती आलं, मी विचारलं.
तिनं बादली खाली ठेवली,
ओला हात लुगड्यासारख्या त्या फुलाफुलांच्या कापडाला पुसला,
गुडघ्यापासून वर मांडीपर्यंत
पंजा उभा धरला.

मग पुन्हा वाकली.
अजून तासभर ओहोटी होती.