चौदा सेकंद

ओस्त्रावातल्या गॅसच्या टाकीत आता सभागृह आहे.
पूर्वी भट्टीचा वायू भरला की
तिचं लोखंडी झाकण वर चढायचं,
सरला की खाली बसायचं.
आज तिच्या पोटात चारशे माणसं,
गळ्यात ओळखपत्रं, सतरा देशांतून आलेली,
फुप्फुसांची चित्रं घेऊन.

मी मागच्या काचेच्या खोक्यात. दुभाषी.
सकाळपासून माझ्या तोंडून
एक हॅलिफॅक्सची बाई बोलून गेली, एक कोरियन तरुण,
वायुवीजन, प्रसरण, विरळ वायूचं ध्रुवीकरण.
सगळं स्वच्छ. क्रियापद वेळेवर सापडत होतं.
कॉफीच्या रांगेत कुणीतरी बराच वेळ खोकलं,
आणि एकाही तज्ज्ञानं मान वळवली नाही.

दुपारी पडद्यावर नदीपलीकडचं इस्पितळ, थेट.
यंत्राच्या तोंडाशी आडवे व्हेंडेलीन कोत्सुर,
वय एक्क्याऐंशी, पैकी बत्तीस वर्षं जमिनीखाली.
पायांत घरचे लोकरी मोजे,
उजव्या अंगठ्यावर वेगळ्या रंगाचं रफू.

डॉक्टर यार्मिला पेत्रूश यांनी पिशवी उचलून दाखवली.
आत काहीच नसल्यासारखा झेनॉन.
“हवेतच असतो, कोटीभर रेणूंत एखादा.
लेझरच्या उजेडात त्याला एका दिशेला तोंड करून उभं केलंय.
फार वेळ उभा राहत नाही. घाई करावी लागते.”
मी तसंच सांगितलं, घाईत.

श्वास घ्या.
अजून थोडा.
दम धरा,
एवढं बोलले आणि थांबले.

चौदा सेकंद मला काही काम नव्हतं.
यंत्राची ठकठक तेवढी,
आणि काचेतून दिसणाऱ्या रांगा:
प्राध्यापक इनागाकींचं पेन कागदापासून बोटभर वर,
पहिल्या रांगेतल्या मुलीचे गाल किंचित फुगलेले.
कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं.
आख्खं सभागृह दम धरून बसलं होतं
आणि मला वाटलं, झाकण जरासं वर गेलं.

सोडा.

झेनॉन जड असतो, आवाज खाली उतरवतो.
म्हाताऱ्यानं नुसतं “झालं?” विचारलं
तर ते कुठून तरी फार खालून आलं.
सगळे हसले. तोही दचकून हसला:
“हा तर माझा बाप बोलला.”
मग माझ्या बारीक आवाजात, इयरफोनमधून,
त्याचा बाप बोलला,
तेव्हा हसू अर्ध्यातच राहिलं.

चित्र आलं. वायू पोचला तिथे निळा उजेड,
नाही पोचला तिथे काळं.
“उजवीकडे वर मोठा दोष,” डॉक्टर म्हणाल्या, “एकूण एकतीस टक्के.”
“मला दाखवा.”
चष्मा शोधायला वेळ गेला. तो कोटाच्या खिशात निघाला.
मग बोट पडद्यावर टेकवून, सावकाश:
“हा मोठा रस्ता. इथून उतार.
हे पाण्यात गेलं, माझं लग्न झालं त्या वर्षी.
इथं आम्ही भिंत घातली, आग होती म्हणून.
आणि हे सगळं स्तार्झिना.”

कोळसा काढून झाल्यावर
माघारी येताना सोडून दिलेली पोकळी.
शब्दाच्या पोटात म्हातारपण आहे.
माझ्याकडे त्याच्या मापाचा शब्द नव्हता.
दोन-तीन सेकंद चारशे कानांत
माझाच श्वास गेला असणार, माइक चालू होता.
मग म्हणाले: जिथे आता कुणी जात नाही, ते.

“कोत्सुर साहेब, हे तुमचं फुप्फुस आहे,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या.
“माहीत आहे की. मी खाणीचंच सांगतोय असं वाटलं तुम्हाला?”

एक हात वर झाला, कोरियन तरुणाचा:
पुन्हा मोजलं तर आकडा तेवढाच येतो का?
म्हाताऱ्याला वाटलं, प्रश्न त्यालाच आहे.
मोजे वर ओढत म्हणाला,
“पिशवीत उरलं असेल तर बघू.”

घंटा झाली. पुढचा वक्ता बर्गेनचा,
त्याच्या माइकमधून आवाजच येईना.