मधल्या किमतीची

एस्बियर्गच्या दुकानात विबेके
तिसऱ्यांदा तीच चेन ओढून बघते.
अडकत नाही.

वरच्या फळीवरची सॅक सहा रॅकेटींची,
दोन हजार क्रोनरची. भिंतीवर
ज्यांचे फोटो आहेत, त्यांना शोभेल.
खालची स्वस्त; तसलीचा पट्टा
मागच्या हिवाळ्यात सायकलवरच तुटला,
शटलं बर्फात सांडली, पांढऱ्यावर पांढरी,
निम्मी सापडलीच नाहीत.

ही सातशेची. बुटांना वेगळा कप्पा,
म्हणजे गुरुवारच्या मोज्यांचा वास
राईच्या पावाला लागायचा नाही.

"रॅकेटी किती?" आस्गर विचारतो.
"एक."
मग म्हणते, "दोन धरा.
दुसरी टोव्हची. गुडघा बरा होईपर्यंत
माझ्याकडेच आहे."

तो दोन घालून दाखवतो.
चेन लागते.
थोडी जागा उरतेसुद्धा.