नकाशात एकोणीस

शनिवारी राइस मिलच्या काटाघरात जमतो आम्ही.
कोंड्याचा वास. वजनाच्या जुन्या पावत्या,
पाठकोऱ्या; त्यांवर तीन वर्षांत
मी एक जग काढलंय:
सात राज्यं, दोन चंद्र, एक आटलेला समुद्र,
आणि उत्तरेला, कागद घडीवर फाटलाय तिथं,
आरुणकांचा देश.

आरुणक म्हणजे माणसंच, पण पहिली.
यक्ष यायच्या आधी लोखंड वितळवणारी,
चांदण्या मोजून तळी खोदणारी.
हजार वर्षं दिली मी त्यांना
आणि दोन ओळींत आवरलं:
मग अंधार आला. कोणी उरलं नाही.
पेन आपल्या हातात असलं की सोपं असतं ते.

वीस बाजूंचा फासा मागवला होता कुरिअरनं.
गहाणेच्या हातून तो पोत्यांच्या थप्पीमागं गेला,
गेला तो गेलाच.
आता फोडलेले चिंचोके टाकतो.
पांढरी बाजू वर आली तर नशीब.

आज ते आरुणकांच्या थडग्याशी पोचले.
उभ्या दगडांचं वर्तुळ, मधोमध खाली जाणारी पायरी.
वर्तुळ कुठून उचललं ते तिघांनाही ठाऊक.
मिलच्या मागं, नहराच्या पलीकडं,
गुरं बसतात तिथं आहे ते तसंच,
शेजारी सरकारी निळा फलक,
फलकावर कबड्डीच्या सामन्यांचं पत्रक.

गहाणे योद्धा. त्याला दार फोडायचंय.
चेतना मेश्राम जादूगार
(एरवी ब्रह्मपुरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला);
तिनं हातावर उजेड पेटवला आणि विचारलं,
"शेवटच्या राती काय रांधलं होतं त्यायनं?"
मी म्हटलं, वहीत नाही.
"राज्यं सात लिहिली न तू," ती म्हणाली,
"चूल एकही नाही?"

कोडापे चोर. त्याच्याइतकं कुलूप कोणी उघडत नाही.
त्याची पाळी होती.
त्यानं चिंचोके मुठीत धरले, टाकले नाहीत.
"हरवले म्हंजे," तो म्हणाला, "कोनाले हरवले?"

कोणी बोललं नाही. वर पंखा थांबला, लाइन गेली होती.

"माह्या बाचा दगड आमी बंडीवर आनला
मागच्या उन्हाळ्यात. बारा जन लागले उभा कराले."
रागानं नाही. धानाचा भाव सांगावा तसं.
"माहा चोर आत नाही जात."

"तीनशे मोहरा आहेत बे आत!" गहाणे ओरडला,
पण या खेळाला नियम एकच आहे:
जग माझं, पाऊल ज्याचं त्याचं.

कोडापे म्हणाला, चोर उंबऱ्यावर तांदूळ ठेवतो.
मी मोबाइलच्या उजेडात यादी पाहिली:
दोर, तीन किल्ल्या, विषाची कुपी.
तुझ्या सामानात तांदूळ नाहीत, म्हटलं.
तो वाकला. काट्याखाली सांडलेले
चार दाणे उचलले,
फुंकर मारली त्यांवर
आणि नकाशावर ठेवले,
अगदी तिथंच, पायरीपाशी.

चेतनानं जादूगाराचा उजेड विझवला. खाली बसवलं त्याला.
गहाणेचा योद्धा थोडा वेळ उभाच राहिला,
मग तोही.

मी लिहिलं: खजिना, घेतला नाही.
गुण किती द्यायचे ते अजून ठरत नाहीये.
कोणी उरलं नाही, ही ओळ खोडायला गेलो
तर दाणे हलले असते. राहू दिली.

घरी जाताना गाडी नहराच्या पाळीवरून घेतली.
हेडलाइट टाकून मोजले.
माझ्या नकाशात एकोणीस आहेत,
इथं वीस भरले.
पुन्हा मोजू लागलो,
तर सातवा दगड उठला,
शेपटी झटकली
आणि गावाकडं चालू लागला.
म्हैस होती.

बाकीचे बसले नव्हतेच कधी.