साच्यात नसलेला बाण

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर
रात्री अकरा ते चार
मी सायकली काढतो.
पत्र्याचा साचा, पांढरा रंग,
वरून काचेचे बारीक मणी, चिमूट चिमूट,
म्हणजे गाडीच्या उजेडात चमकते म्हणे.
एका सायकलीला सात मिनिटं.
साच्यातल्या सायकलीला पायडल नाही, कॅरेज नाही,
घंटी तर नाहीच.
विचारलं तर साहेब म्हणाले,
बब्रुवान, चिन्ह आहे ते, वाहन नाही.

साडेबाराला रोलिंग मिलची पाळी सुटते.
अंधारातून आधी चेनची करकर येते,
मग माणसं.
हँडलला रिकामे डबे, अंगाला तापल्या लोखंडाचा वास.
ओल्या रंगापाशी येऊन एक पाय टेकवतात.
"हे आपल्यासाठी हाय का?"
हाव, म्हणतो मी.
फकस्त वाळू द्या.

त्यांच्यातले कचरू गाडेकर
चौकात वळायच्या आधी
उजवा हात खांद्याच्या रेषेत पुरा लांब करतात,
नियमात सांगितलाय तसा,
मागं कुत्रं नसलं तरी.
त्या हाताला तीन बोटं आहेत.
दोन मिलनं ठेवून घेतली, शहाण्णव साली.
"दिशा दाखवायला हात लागतो, बापा,
बोटं कोण मोजतंय."

सकाळी नऊला मुद्दाम बघायला गेलो.
पहिल्या सायकलीवर मोसंबीचा गाडा.
दुसरीवर काळीपिवळी, ड्रायव्हर आत झोपलेला.
तिसरीवर मांडवाचे बांबू.
चौथी मोकळी होती,
आणि तिच्यावरून एक पोरगी येत होती,
निळा युनिफॉर्म, सीटवर न बसता,
सरळ माझ्या अंगावर.
ए बाई, ओरडलो मी, राँग साइड!
ती उतरली. खाली बघितलं, मागं बघितलं.
"काका, मग बाण कुठंय?"

साच्यात बाण नव्हता.
सहा वर्षं झाली, हे काम करू राहिलो,
माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या रात्री साचा ठेवला बाजूला.
ब्रश घेतला, गुडघे टेकले.
सुतळी नाही, फूटपट्टी नाही.
बाणाला लागतात तरी किती,
तीन रेघा.
मधली लांब,
बाकीच्या दोन आखूड.
एक जरा वाकडी आली, राहू दिली.

पाळी सुटली तसे कचरू गाडेकर आले,
थांबले नाहीत.
बाणावरून गेले, चौकात हात लांब केला, वळले.

साहेबांनी बिल तपासलं.
सायकली एकोणीस, बरोबर.
बाण एस्टिमेटात नाही, म्हणाले.
मी म्हटलं, लावलाच नाही.