दोन ते आठ अंश

कुपीवर लिहिलंय : दोन ते आठ अंश.
आमच्या जुन्या फ्रिजला हे कोण समजावणार?
त्याच्या पोटात सोलांचं आगळ, कालची पेज,
आणि अंड्यांच्या खाचेत, सहाव्या घरात,
तुझं औषध,
काचेतलं चिमूटभर पांढरं पीठ.

डॉक्टर कुतिन्होंनी कागदावर मणी काढून दाखवले होते.
असे अठ्ठावीस ओवले की ही लड होते, म्हणाले,
छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते,
ती पेशींना शिकवते आपलं कोण, परकं कोण.
वयाबरोबर ती शाळा ओस पडते.
आपण नुसता निरोप धाडायचा.
मी विचारलं, मग ही बरी होईल?
त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बघूया."
हाच शब्द मी तीस वर्षं दिला
फोंड्याची शेवटची बस आहे का, विचारणाऱ्यांना.

सोमवार आणि गुरुवार.
तिकिटं फाडून राठ झालेली बोटं
तुझ्या पोटाची चिमूट धरतात,
बेंबीच्या डावीकडे, पुढच्या खेपेला उजवीकडे.
तू आढ्याकडे बघत म्हणतेस, "सुटे नाहीत का, मास्तर?"
हसलो तर सुई हलते. म्हणून हसायचं नंतर.

चवथीला माटोळीही तू दारातूनच पाहिलीस.
कच्चं फळ वर्ज्य, फूल वर्ज्य, माणूस वर्ज्य.
पांढऱ्या पेशींचे आकडे मी जुन्या वेबिलामागे लिहितो :
नऊशे. अकराशे. परत साडेआठशे.
हिशेब चुकला की डेपोत पगारातून कापायचे.
इथे कुणाच्या?

मे महिन्यात वीज गेली ती रात्रभर.
कुंभारजुव्याकडे खांब पडला म्हणे.
दोन महिन्यांची पेन्शन मुठीत धरून
मी पियेदादचं दार ठोठावलं.
तिने बांगड्यांच्या बर्फात जागा केली.
"बर्फाला टेकवू नकोस, गोठलं तर संपलं," मी म्हटलं.
तिने मधे केळीचं पान घातलं,
आणि रात्री दोनदा उठून पाहिलं, न सांगता.
सकाळी कुपीच्या बुचाला मासळीचा वास.
तू हुंगलंस,
आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा म्हणालीस,
"आज हुमण कर."

गेल्या सोमवारी तू शिंकलीस.
मी थर्मामीटर शोधला, पिशवी भरली,
बांबोळीला फोन लावला, दोनदा चुकीचा.
साधं पडसं निघालं, प्रफुल्ला,
जे अख्ख्या माशेलला झालं होतं.
शनिवारी गेलं.
औषधाने, हुमणाने की केळीच्या पानाने,
कुतिन्होंनाही सांगता येईना.
पण पाच दिवस तू गावासारखी आजारी होतीस
आणि गावासारखीच बरी झालीस.

वेबिलामागे लिहायला आकडा नव्हता.
तुझे सात रुमाल दोरीवर घातलेत,
रस्त्यावरून दिसतील असे.